नगराचे आरोग्य आणि आपली सिद्धता

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



सकाळपासून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, ज्येष्ठांना मानपत्रे अर्पण झाली आणि थोड्याच वेळात सहभोजन व्हावयाचे आहे. अशा वेळी रोगराई, आग आणि अपघात यांविषयी बोलणे कित्येकांस अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. तथापि या गोष्टींचा विचार सगळे सुखरूप असतानाच शांत चित्ताने करता येतो. संकट उंबरठ्याशी आले म्हणजे विचाराला सवड उरत नाही. म्हणून आपली क्षमा मागून मी हा विषय आजच मांडीत आहे.

माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षे सार्वजनिक आरोग्याच्या कामात गेली. त्या अनुभवातील पुष्कळ गोष्टी सांगता येतील. परंतु आरंभी आपल्याच घरची एक हकीकत सांगतो. तिचा दोष त्या वेळच्या कार्यकारी मंडळाकडे जातो, आणि त्या मंडळात मीही होतो, हे प्रथमच सांगून टाकतो.

सन २०२० च्या साथीत एका उदार सभासदाने संस्थेला दोन यंत्रे भेट दिली. हवेतील प्राणवायू वेगळा काढून रुग्णाला पुरविणारी ही यंत्रे काँसन्ट्रेटर या नावाने आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. दात्याचा सत्कार झाला, छायाचित्र निघाले, ते स्मरणिकेत छापूनही आले, आणि यंत्रे कार्यालयातील कपाटात सुरक्षित ठेवण्यात आली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट आली. शहरातील रुग्णालयांत खाट मिळणे दुरापास्त झाले होते. अशा एका रात्री साडेअकराच्या सुमारास सिडकोतील एका भगिनीचा मला दूरध्वनी आला. यजमानांचा प्राणवायू अठ्ठ्याऐंशीवर उतरला होता आणि सकाळपर्यंत कोठेही खाट मिळण्याची आशा नव्हती. मला यंत्रांची आठवण झाली. मी कार्यालयावर गेलो. दाराची किल्ली पहारेकऱ्याजवळ होती. कपाटाची मात्र चिटणीसांजवळ, आणि चिटणीस स्वतःच आजारी होऊन रुग्णालयात पडले होते. दुसरी किल्ली आहे की नाही, असल्यास कोणाजवळ, हे आम्हां कोणासच ठाऊक नव्हते. कुलूप फोडण्याचा निर्णय कोणी घ्यावा, यावर अर्ध्या रात्री दूरध्वनीवर खल चालला. अखेर पहाटे कुलूप फोडले. तोवर त्या गृहस्थांना एक खाट मिळाली होती. चौथ्या दिवशी ते गेले.

ते यंत्र वेळेवर पोचते तर ते वाचते, असे मी म्हणणार नाही. मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारे ते यंत्र. त्याच्या शक्तीला मर्यादा असते, आणि वैद्यकशास्त्रात अशी खात्री कोणी देऊ नये. परंतु त्या भगिनीला ती रात्र पतीच्या उशाशी बसून पदराने वारा घालीत काढावी लागली नसती, एवढे मी निश्चित जाणतो.

बंधुभगिनींनो, आपल्याजवळ यंत्र होते, दात्याची दानत होती, रात्री धावून येणारी माणसेही होती. सिद्धता तेवढी नव्हती. वस्तूंचा साठा म्हणजे सिद्धता असा आपला समज असतो. खरी सिद्धता निराळी आहे. वस्तू कोठे आहे, ती कोण उघडील, आणि तो नसेल तर दुसरा कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे आगाऊ ठरलेली असणे म्हणजे सिद्धता. माझे आजचे सारे प्रतिपादन या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. या नगराचा इतिहास पाण्यापासूनच सुरू होतो. सन १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी येथे हे नगर वसविले आणि डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर शहरात आणणारी नहर बांधविली. पुढच्या काळात अशाच वाहत्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरू लागले. पाणी झाकलेले असे, वाहते असे, आणि त्याला चढविण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नसे. आज आपण पैठणच्या नाथसागराचे पाणी मोठमोठ्या पंपांनी उचलून दूरवरून आणतो. २०११ च्या शिरगणतीत महापालिकेच्या हद्दीत ११ लाख ७५ हजार लोक मोजले गेले. एवढ्या वस्तीला नहर पुरी पडली नसती, हे उघड आहे. परंतु पंपाला वीज लागते, जलवाहिनी फुटते, आणि त्यामुळे कित्येक वर्षे या शहराच्या नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. १६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. पुढे तिचा खर्चही वाढला. योजना पूर्ण करणे हे सरकारचे व महापालिकेचे कर्तव्य आहे आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु खंडित पाणीपुरवठ्याने आपल्या आरोग्याला कोणता धोका पोचतो, हे प्रत्येक गृहिणीने समजून घेतले पाहिजे.

नळ सुरू असतो तेव्हा जलवाहिनीत आतून बाहेर दाब असतो. वाहिनीला बारीक चीर असली तरी पाणी बाहेर झिरपते, बाहेरची घाण आत येत नाही. नळ बंद झाला की आतील दाब नाहीसा होतो, आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी त्याच चिरेतून आत शिरते. दुसऱ्या वेळी नळ सुटला की पहिल्या हंड्यात तेच पाणी घरात येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या छावणी भागात अतिसाराची मोठी साथ उद्भवली, काही हजार लोक आजारी पडले, आणि संशय पिण्याच्या पाण्यात मिसळलेल्या घाणीवर गेला. तेव्हा नळाचे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, साथीच्या दिवसांत पाणी चांगले खळखळून उकळावे, आणि पिण्याच्या भांड्यात हात न बुडविता ओगराळ्याने पाणी घ्यावे.

अतिसार झालाच, तर रुग्ण दगावतो तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे औषध प्रत्येक स्वयंपाकघरात असते. सन १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली असता बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळील शिरेतून द्यावयाच्या क्षारजलाच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी साखर-मिठाच्या पाण्याची पिंपे भरून ठेविली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातांनी ते पाजविले. तेथे तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर उतरले. तो उपचार करणारे हात आई-बहिणींचे होते. परंतु प्रमाण मात्र पाठ पाहिजे. मीठ अधिक पडल्यास लहान मुलाला अपाय होतो.

पाणी साठविण्यातून दुसरा धोका उत्पन्न होतो तो डेंगीचा. या रोगाचा डास गटारात वाढत नाही; त्याला आपल्या रांजणातील व टाकीतील स्वच्छ, स्थिर पाणीच आवडते. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असा उपदेश आम्ही आरोग्य खात्याची मंडळी करीत आलो. एकदा एका वृद्ध बाईने मला विचारले, “डॉक्टरसाहेब, पाणी आठव्या दिवशी येणार, आणि तुम्ही म्हणता सातव्या दिवशी ओतून द्या. मग प्यायचे काय?” तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर असे, की ज्याला ओतणे शक्य नाही त्याने झाकावे. झाकणाला फट असेल तर जाड कापड ताणून दोरीने घट्ट बांधावे. आणि भांडे ज्या दिवशी रिकामे होईल त्या दिवशी आतील कडा घासणीने घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पाणी लागताच फुटतात. उपदेश करणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या घरची अडचण आधी जाणली पाहिजे, हा धडा मी त्या बाईपासून शिकलो.

आता आगीविषयी. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागून आत झोपलेले सहा कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच महिन्यांच्या आत, ३ एप्रिल २०२४ रोजी, छावणीत तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबातील सात जण, त्यांत दोन बालके, धुराने गुदमरून गेली. दोन्ही घटना झोपेच्या वेळच्या आहेत. धूर वर चढतो, जिना हीच त्याची चिमणी बनते, आणि ज्वाला पोचण्यापूर्वीच तो माणसाला बेशुद्ध करतो. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे गुलमंडीपासून छावणीपर्यंत शेकडो आहेत. त्यांत आपल्या ज्ञातीचीही पुष्कळ आहेत. अशा प्रत्येक घरातून वर गच्चीवर किंवा शेजारच्या छतावर जाण्याचा दुसरा मार्ग आहे काय, आणि त्या मार्गावरील कुलपाची किल्ली दाराजवळच टांगलेली असते काय, एवढे आज रात्री घरी गेल्यावर पाहावे. धुरात उभे राहू नये. जमिनीलगत सरपटत निघावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा तेथेच उरते.

परंतु रात्रीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपण ज्या सभागृहात या क्षणी बसलो आहोत त्याला दोन दारे आहेत. पुढच्या दाराने आपण आत आलो. मागचे दार कोणी पाहिले आहे काय? मी आज सकाळी येऊन पाहिले. त्याच्यासमोर लग्नसमारंभाच्या खुर्च्यांची थप्पी आहे, तिच्याआड मंडपाचे बांबू, आणि दाराला बाहेरून कुलूप. शेजारीच स्वयंपाकघर आहे व तेथे गॅसच्या टाक्या आहेत. व्यवस्थापकांना मी दोष देत नाही. खुर्च्या ठेवण्यास दुसरी जागा नाही, हेही मला माहीत आहे. २०१६ च्या दिवाळीत औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाक्यांची शंभराहून अधिक दुकाने पाहता पाहता जळाली. ती आग मोकळ्या मैदानावर लागली होती, म्हणून माणसांना धावण्यास जागा मिळाली. येथे आज पाचशे माणसे आहेत, आणि वाट एक आहे.

कोणी म्हणेल, ही कामे महापालिकेची, अग्निशामक दलाची, सरकारची. कर आपण त्यासाठीच देतो. हे म्हणणे खरे आहे, आणि सरकारला या जबाबदारीतून मोकळे करावे असे मी मुळीच सुचवीत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशामक दलासाठी १०१, तातडीच्या कोणत्याही मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ते मुलांनाही पाठ असावेत. आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले आणि तेव्हापासून ‘घाटी’ मराठवाड्यातील गोरगरिबांचा आधार होऊन राहिली आहे. परंतु गाडी निघाल्यापासून पोचेपर्यंत जी पंधरा-वीस मिनिटे जातात, त्यांवर कोणत्याही सरकारची सत्ता नसते. ती शेजाऱ्याची असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. बाहेरची मदत पोचण्यापूर्वी ढिगाऱ्याखालून जे जिवंत निघाले, त्यांना वाचलेल्या गावकऱ्यांनी उघड्या हातांनी उपसून काढले. मराठवाड्याच्या माणसाला ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

मग आपली संस्था काय करू शकेल? सभासदांची सूची हे आपले मोठे धन आहे. वधूवर-परिचयाच्या पुस्तिकेत प्रत्येक मुलामुलीची उंची आहे, वर्ण आहे, शिक्षण आणि उत्पन्न आहे, गोत्र आणि मंगळदेखील आहे. रक्तगट मात्र थोड्यांचाच आढळला. कोणत्या मोहल्ल्यात कोण परिचारिका आहे, कोणाजवळ रात्री चालविता येईल अशी मोटार आहे, कोणत्या घरी एकटे वृद्ध राहतात, कोणाला आठवड्यातून दोनदा मूत्रपिंडाच्या उपचारासाठी न्यावे लागते, यांपैकी काहीच आपल्या सूचीत नाही. ही माहिती छापावयाची नाही. ती खाजगी आहे, आणि ज्याची त्याने स्वेच्छेने दिली तरच घ्यावयाची. प्रत्येक मोहल्ल्यातील दोन विश्वासू व्यक्तींजवळ ती असावी. दोन एवढ्यासाठी, की एक आजारी पडला तर दुसरा असावा.

रक्तदानाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जयंतीच्या दिवशी आपण मोठे शिबिर भरवितो आणि दात्यांचा आकडा अभिमानाने जाहीर करतो. परंतु साठविलेले रक्त सुमारे पाच-सहा आठवडे टिकते, आणि डेंगीच्या कठीण रुग्णांना लागणाऱ्या रक्तबिंबिका तर जेमतेम पाच दिवस. एकाच दिवशी शेकडो दाते आले, तर उन्हाळ्याच्या सुटीत आणि पावसाळ्याअखेर, जेव्हा खरी टंचाई असते, तेव्हा कोणीच उरत नाही, कारण पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने चार महिने पुन्हा रक्त द्यावयाचे नसते. तेच शंभर दाते बारा महिन्यांत वाटून दिले तर छायाचित्र लहान येईल, पण रक्त अधिक कामी येईल.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो या व्यासपीठावरून बोलणे थोडे अवघड आहे. आपली ही ज्ञातिसंस्था आहे. पूर्वजांनी ती स्थापिली, तीतून वसतिगृह उभे राहिले, गरिबांची मुले शिकली. तिचा मला अभिमान आहे. परंतु रोगजंतू दार ठोठावताना आडनाव विचारीत नाही, आणि तळमजल्यावर लागलेली आग वरच्या बिऱ्हाडाची जात पाहत नाही. म्हणून वर सांगितलेली व्यवस्था केवळ आपल्या सभासदांपुरती ठेविली, तर ती अर्धवट तर राहीलच, शिवाय ती आपल्यालाही उपयोगी पडणार नाही. कारण मध्यरात्री मदतीला येणारा शेजारी बहुधा दुसऱ्या ज्ञातीचा किंवा दुसऱ्या धर्माचा असतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचविले, आणि त्याच सेवेत रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला.

आपल्याही डोळ्यांदेखत एक गोष्ट घडून गेली आहे. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीच्या काळात, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच निजले आणि मालगाडीखाली सोळा जण ठार झाले. ते कोणत्याही संस्थेच्या सूचीत नव्हते. त्यांच्या ज्ञातीचे मंडळ येथे नव्हते, वसतिगृह नव्हते, ओळखीचे दार नव्हते. त्या दिवसांत आपले मंगल कार्यालय रिकामे होते. कुलूप लावलेले होते. शहरापासून काही कोसांवरचे ते सोळा जीव आपल्या दाराशी आले नाहीत, हे खरे. पण आले असते तर दार कोणी उघडले असते, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आपल्याजवळ नव्हते.

म्हणून मी तीन सूचना मंडळापुढे नम्रपणे ठेवितो. पहिली, संस्थेच्या प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या मोहल्ल्यांत राहाव्यात आणि त्या कोणाजवळ आहेत हे कार्यालयाच्या दारावर ठळक अक्षरांत लिहावे. दुसरी, मोहल्लावार सूची येत्या पावसाळ्यापूर्वी तयार व्हावी, आणि तीत शेजाऱ्यांनाही, ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, सामील करून घ्यावे. तिसरी, साथ, आग, पूर किंवा टाळेबंदी अशा प्रसंगी हे सभागृह सर्वांसाठी खुले राहील, असा ठराव आजच्या सभेत व्हावा. ठराव कागदावर राहण्याची आपली जुनी खोड मला ठाऊक आहे. त्यासाठी दर वर्षी याच दिवशी, सत्कारसमारंभापूर्वी, दोन्ही यंत्रे चालवून पाहावीत.

सहभोजनाला उशीर झाला आहे, तरी एक विनंती करतो. पंगतीला बसण्यापूर्वी तरुण मंडळींपैकी दहा-बारा जणांनी माझ्याबरोबर सभागृहाच्या मागे यावे. खुर्च्या दुसरीकडे हलविण्यास पंधरा मिनिटे पुरतील. दाराच्या कुलपाची किल्ली मी व्यवस्थापकांकडून सकाळीच मागून घेतली आहे.